सीमाभागातल्या कारखान्यात आणि शेतात जे नवं घडतं, ते सरकारी धोरणाला दिसत का नाही?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

कर्नाटकाचं २०२५-३० चं स्टार्टअप धोरण आलं. ५१८ कोटींची तरतूद, पाच वर्षांत २५ हजार स्टार्टअप आणि त्यातले १० हजार बंगळूरच्या बाहेर, असं उद्दिष्ट ठेवलंय. बंगळूरबाहेर उद्योग वाढवायची 'बियाँड बेंगळुरू' मोहीम त्याच्याही आधीपासून चालू आहे आणि त्यात हुबळी-धारवाड-बेळगाव असा एक पट्टा धरलाय. म्हणजे कागदावर आपण आहोत. मला विचारायचंय ते एवढंच की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती या कारखान्यांच्या भागांत रोज जे नवं केलं जातं, त्याला यातलं काय लागू पडतं? माझ्या मते फारच थोडं. का, ते सांगतो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा, फक्त आपापल्या धंद्यातलं उदाहरण देऊन मांडा.

बाहेरच्या वाचकांसाठी: बेळगावात ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सची लहानमोठी युनिटं खच्चून भरलेली आहेत. हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे, ते एक टोक. दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड, दोन लेथ आणि चार माणसं. या खालच्या टोकाला नवकल्पना कशी असते ते ऐका. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (गॅसची भोकं) येतात, गिऱ्हाईक लॉट परत पाठवतं. मग पॅटर्नवाला (नमुना करणारा), मोल्डर (साचा भरणारा) आणि मालक तिघं मिळून कोअरमधला, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातला, गॅस कुठे अडतोय ते शोधतात. गॅस निघायची वाट बदलतात, कोअरची बैठक वाढवतात, जादा रस पुरवणारा रायझर दुसऱ्या बाजूला नेतात, पुन्हा धातू वितळवून ओततात. चार वेळा फसतं, पाचव्या वेळी माल सुटतो. किंवा एखादा मशिनिस्ट असं फिक्स्चर करतो की जॉब एकदाच बांधून तीन बाजू निघतात. हे कुणी पेटंट करत नाही, कुणी गुंतवणूकदारापुढे जाऊन सांगत नाही. पण इथलं ओतकाम टिकलंय ते याच जोरावर.

केंद्राच्या स्टार्टअप व्याख्येत उत्पादन, प्रक्रिया किंवा सेवेतली सुधारणासुद्धा नवकल्पना म्हणून धरली आहे. तिथवर सगळं ठीक आहे. अडतं ते पुढे. संस्था प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशा ठरावीक प्रकारची असावी लागते, एकट्याच्या मालकीची फर्म चालत नाही. शिवाय ती आधीच्या धंद्याची फोड किंवा पुनर्रचना करून निघालेली नसावी. आता उद्यमबागेत फिरून बघा. लहान शॉप बहुतेक वडिलांच्या नावावर. मुलगा इंजिनिअर होतो, त्याच शेडमध्ये, त्याच लेथवर नवा व्हॉल्व्ह बनवतो. मालकी फर्म म्हणून तो व्याख्येत बसत नाही, आणि नवी कंपनी काढली तर ही जुन्याच धंद्याची फोड नाही ना, ही शंका उभी राहते. मुलानं बापाचं सगळं सोडून कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी अशी अपेक्षा यात आहे. आमच्याकडे कसब असं तयार होत नाही. ते बापाकडून मुलाकडे आणि मिस्त्रीकडून पोऱ्याकडे येतं.

दुसरी अडचण हद्दीची. पॅटर्न इथे, ओतकाम इथे, मशीनिंग कधी कधी कोल्हापूरजवळच्या शिरोलीला, गिऱ्हाईक पुण्याला. कोल्हापूर आम्हाला ११० किलोमीटर आणि बंगळूर ५००. पण राज्याचं अनुदान हवं तर यंत्र राज्यातच बसलं पाहिजे. लहान उद्योगांच्या क्लस्टर योजनेत सामायिक सुविधा केंद्र हवं असेल तर प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो, म्हणजे बेळगावचा एक, कोल्हापूरचा दुसरा. दोन्हीकडच्या फाउंड्र्या एकच वाळू, एकच पिग आयर्न आणि एकाच प्रकारचं गिऱ्हाईक घेऊन बसल्यात, आणि धोरण त्यांना एकमेकांचे स्पर्धक म्हणून बघतं.

मदत कामाच्या साखळीमागून गेली पाहिजे. साखळी सीमा ओलांडत असेल तर मदतीनंही ओलांडावी.

---

हिशेबनीस

साहेब, हद्दीच्या मुद्द्याला माझ्या कामातून पुस्ती जोडते. मी जीएसटीचं काम बघते, निपाणी ते बेळगाव पट्ट्यातले लहान कारखाने माझे अशील.

राज्याच्या आत माल हलवताना कर्नाटकात ५० हजारांच्या खाली ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. पण जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या शॉपमधून काम करून घ्यायला, माल दुसऱ्या राज्यात पाठवला की किंमत कितीही असो, ई-वे बिल काढावंच लागतं. म्हणजे उद्यमबागेतून धारवाडला पाच हजारांचा जॉब चलनावर जातो आणि निपाणीहून वीस-पंचवीस किलोमीटरवर कागलला तोच जॉब पाठवायचा तर पोर्टल उघडायचं, गाडी नंबर घालायचा. मोठ्या कंपनीला हे काहीच नाही, तिथे त्यासाठी माणूस असतो. इथे मालकच मशीनवर, मालकच बँकेत.

प्रयोगाच्या कामात याचा त्रास जास्त होतो. ठरलेल्या उत्पादनात महिन्यातून चार खेपा असतात, त्यांची सवय होते. नवा भाग तयार होत असताना तोच तुकडा तीनदा जातो, तीनदा येतो, मापात बदल होतो, सोबत गेज जातं, कधी सगळी डाय जाते. कायद्यानं डाय, जिग आणि फिक्स्चरला परत आणायची मुदत घातलेली नाही, ही चांगली गोष्ट आहे आणि बऱ्याच जणांना ती माहीत नसते. पण चलन, नोंद आणि विवरणपत्र चुकत नाही. लोक मग काय करतात? जवळचा चांगला कारागीर सोडून राज्यातला लांबचा गाठतात, नाहीतर प्रयोगच करत नाहीत.

ही अडचण कोणत्याही स्टार्टअप धोरणात सापडणार नाही, कारण ते धोरण आयटी-बीटी खात्याचं आणि हा नियम कर खात्याचा.

---

पुण्यातला बेळगावी

मी थोडं वेगळं बोलतो. ताई म्हणतात ते खरं आहे, पण मूळ दुखणं कागदाचं नाही. मी बेळगावच्या गोगटे इंजिनिअरिंग कॉलेजमधून मेकॅनिकल केलं, आता पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये आहे. माझ्या वर्गातले कितीतरी जण पुणे, बंगळूर, चेन्नईला आहेत. ते अनुदानाअभावी गेले नाहीत. बेळगावात डिझाइनचं कामच मिळत नाही म्हणून गेले. ड्रॉइंग पुण्याहून येतं, आपण त्याप्रमाणे ओततो. ड्रॉइंग ज्याचं, त्याचा नफा. रिजेक्शन कमी करणं हे मोठं कौशल्य आहे, मला त्याचा आदर आहे, पण त्यातून दर ठरवायची ताकद येत नाही. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तीच सुधारणा गृहीत धरून दोन टक्के दर कापायला सांगतं.

म्हणून सरकारनं पैसा द्यायचाच तर स्वतःचं उत्पादन असलेल्यांना द्यावा. बेळगावच्या हायड्रॉलिक्सवाल्यांनी हे करून दाखवलंय. व्हॉल्व्ह आणि पंप स्वतःच्या नावानं विकतात. सगळ्यांना थोडं थोडं वाटलं तर कुणाचंच काही होणार नाही.

---

उद्यमबागकर

दादा, दर कापण्याचं तुम्ही बोललात ते अगदी खरं. पण स्वतःचं उत्पादन काढणारे आले कुठून? आधी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करून हात तयार झाले, मग स्वतःचा व्हॉल्व्ह निघाला. खालची पायरी काढून घेतली तर वरच्या पायरीवर चढणार कोण?

---

ठळकवाडीकर

या चर्चेत आपल्याच गावचा इतिहास यायला हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. माल पडून राहिला तरी त्यांनी नांगर सुधारणं थांबवलं नाही. आणि नेमक्या त्या काळात शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिलं, भांडवलाला मदत केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेव्हा स्टार्टअप धोरण नव्हतं, उद्योग खातंही असं नव्हतं. एका ठिकाणी जागेचा निर्णय घेताना त्या जागेवर काय घडतंय ते पाहिलं गेलं नाही आणि दुसऱ्या ठिकाणी एका लहान संस्थानिकानं ते पाहिलं. तो कारखाना आज सांगली जिल्ह्यात आहे. जमीन, पाणी, रस्ता यांचे निर्णय स्थानिक पातळीवर होतात, त्यांनाच मी नवकल्पनेचं खरं धोरण म्हणतो. उद्यमबागेत आज भाड्याच्या शेडचा दर काय आहे आणि नव्या पोराला दोन गुंठे जागा कुठे मिळते, हे आधी विचारा.

---

शिरोलीवाला

ठळकवाडीकर काका, प्रतिसाद आवडला.

मी सीमेच्या या बाजूचा, शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) शॉप आहे. आमच्याकडं सगळं आलबेल आहे असं समजू नका. महाराष्ट्राच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली की सरकारी कामाची ऑर्डर मिळते. योजना चांगली, कारण अनुदानापेक्षा ऑर्डर केव्हाही बरी. पण तिथं आरोग्य, शिक्षण, शासनाचा कारभार यासाठीचे उपाय चालतात. कास्टिंगचं मशीनिंग करणाऱ्याला ऑर्डर सरकार कशी काढणार?

आणि आमचे लोक वीजदरावरून वैतागले की कर्नाटकात जायची भाषा करतात, तुमच्याकडचे अनुदानावरून महाराष्ट्राची. दोन्ही सरकारं मग एकमेकांकडचे कारखाने ओढायला जमीन आणि सवलती पुढं करतात. कारखाना चाळीस किलोमीटर सरकला तर दोन्ही जिल्ह्यांना मिळून नवं काय मिळालं? एका बाजूचं उद्घाटन आणि दुसऱ्या बाजूचं कुलूप. तोच पैसा दोघांनी मिळून धातूच्या चाचणीसाठी चांगल्या प्रयोगशाळेत घातला तर गोकुळ शिरगावपासून मच्छ्यापर्यंत सगळ्यांना उपयोग होईल.

---

यंत्रशाळा

मी बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग महाविद्यालयात शिकवते. या भागात तांत्रिक शिक्षणाची उणीव नाही. व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) १९९८ पासून इथेच आहे, राज्यभरातली महाविद्यालयं या गावाशी जोडलेली आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प करतात. कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषद १९७७ पासून अशा विद्यार्थी-प्रकल्पांना छोटी मदत देत आली आहे, आणि काही हजारांच्या त्या मदतीवर मी खरंच चांगली कामं झालेली पाहिली आहेत.

पण जून आला की मुलं जातात आणि यंत्र वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडतं. पुढच्या वर्षीचा गट नवीन विषय घेतो, कारण जुनाच विषय पुढे नेला तर 'यात नवीन काय' असा प्रश्न तोंडी परीक्षेत येतो. तीन वर्षं एकाच यंत्रावर काम करायची सोय पद्धतीतच नाही. उद्यमबाग आमच्या फाटकासमोर आहे असं म्हटलं तरी चालेल, तरी तिथली अडचण आमच्या प्रकल्पांच्या यादीत क्वचितच येते. कारखानदाराला वाटतं, मुलं मशीन बिघडवतील. मुलांना वाटतं, फाउंड्रीत धूळ आहे, त्यापेक्षा कोडिंग बरं. मध्ये उभं राहून दोघांना बोलतं करणारं पद ना विद्यापीठात आहे, ना कुठल्या योजनेत.

'एलिव्हेट' योजनेतून कर्नाटक सरकार स्टार्टअपना ५० लाखांपर्यंत मदत देतं, केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत पहिला नमुना करायला १० लाखांपर्यंत मिळतात. पण दोन्हीकडे पोचायला सादरीकरण लागतं, इंग्रजी लागतं आणि शहरातल्या इनक्युबेटरशी (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्राशी) ओळख लागते. हुबळीत देशपांडे फाउंडेशनमुळे ते वातावरण तयार झालंय. हुबळी-धारवाड-बेळगाव असा पट्टा म्हणताना हुबळीत जे आहे ते बेळगावात आहेच असं धरलं जातं. हुबळी इथून शंभर किलोमीटर आहे. फाउंड्रीतला मुलगा पाळी सोडून तिथे कार्यशाळेला जात नाही.

---

बेणं निपाणी

तुमी सगळी कारखान्याचं बोलालेत, शेतीचं बी ऐका की.

ऊसात नवं काय आलं, तर येक डोळ्याची रोपं. ट्रेमधी कोकोपीट घालून रोप करायचं, मग लावायचं. बेणं कमी लागतंय, तुटाळ (न उगवल्याली जागा) कमी हुतीया. हे आमाला कुठल्या कर्नाटकाच्या सायबानं सांगितलं न्हाई, कोल्लापूर-सांगलीकडच्या पावण्यांनी सांगितलं. फुले २६५ वाण पाडेगावचा, महाराष्ट्राचा. त्यो आमच्या निपाणी-चिकोडीत शेतकऱ्यानंच आणला. आणि आमच्या संकेश्वरच्या संशोधन केंद्राचं वाण बी तिकडं जातंय. बेण्याच्या गाडीला कोगनोळीच्या नाक्यावर कुणी ईचारत न्हाई कुठल्या राज्याचं म्हणून.

आता आवजाराचं सांगतो. आमच्या भागात येका येल्डिंगवाल्यानं ऊसाच्या सरीत चालणारं भर लावायचं आवजार केलंया. बारक्या ट्रॅक्टरला बसतंय, दोन सऱ्या येकदम. त्याच्याकडं रांग लागती. पण शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळत न्हाई त्याच्यावर. अनुदानाच्या यादीत याचं म्हंजे मान्यतेच्या केंद्रात आवजाराची चाचणी करून दाखला आणाय पायजे. त्यो येल्डिंगवाला कुठं जाणार, किती पैसं भरणार? मग शेतकरी काय करतंय, यादीतलं कंपनीचं आवजार अनुदानावर घेतंय. आमच्या मातीत त्ये नीट चालत न्हाई. शेवटी त्येच घिऊन येल्डिंगवाल्याकडं येतंय, "जरा आमच्या सरीपरमाणं करून दे" म्हणून.

सरकारच्या पैशानं आमच्याच गड्याचा धंदा मारालाय. द्यायचंच आसंल तर चाचणी करणारी माणसं गावात आणा. हंगामात येऊन बघा म्हणावं, चालतंय का न्हाई.

---

पुण्यातला बेळगावी

निपाणीच्या काकांचं उदाहरण या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी स्वतःचं उत्पादन असलेल्यांना पैसा द्या म्हटलं होतं. हा वेल्डर नेमका तसाच आहे. स्वतःचं उत्पादन आहे, गिऱ्हाईक आहे, आणि त्याला अडवणारी गोष्ट पैशाची नाही तर प्रमाणपत्राची आहे. चाचणीचा खर्च धोरणातून उचलला तर मला आनंदच आहे.

---

अथणीची लेक

आमच्या घरी चपला होतात. आजोबा, वडील, आता भाऊ. वेणी घालायचं काम घरातल्या बायकांचं, माझ्या आईच्या हातची वेणी पंचक्रोशीत ओळखतात.

सीमा ओलांडून धोरण होऊ शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, आमच्या धंद्यात ते झालंय. कोल्हापुरी चपलेला २०१८ च्या शेवटी भौगोलिक निर्देशांक (जीआय मानांकन) मिळाला तो दोन राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. आठ जिल्हे. मालकी लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांची. नावात कोल्हापूर असलं तरी अथणी-निपाणीचा कारागीर तितकाच हक्काचा, हे कायद्यानं मान्य केलं. एवढी वर्षं ज्या दोन सरकारांचं कोर्टात भांडण चालू आहे, त्यांनी हा कागद एकत्र केला.

त्याचा उपयोग कधी झाला? जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आमच्यासारख्या चपला दाखवल्या, कुणाचं नाव न घेता. ओरड झाल्यावर त्यांनी मूळ मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन राज्यं वेगवेगळी गेली असती तर त्यातल्या एकाशीच बोलून विषय मिटवता आला असता.

आता यातलं अपुरं. निर्देशांक परंपरेला संरक्षण देतो. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, हातची शिवण, हे जपायलाच हवं. पण माझ्या भावाला टाचेखाली मऊ थर घालून, तरी रासायनिक चिकट न वापरता चप्पल करायची आहे. दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी. ही सुधारणा परंपरेत बसते की नाही, कोण ठरवणार? नवीन साच्याला, पायाच्या मापाच्या अभ्यासाला मदत कोण करणार? अथणीत बचत गटाच्या बायकांनी टोहोल्ड नावानं मापं आणि घडण सुधारून चपला परदेशात पाठवल्या, ते शक्य झालं कारण कुणीतरी डिझाइनचं प्रशिक्षण घरापर्यंत आणलं होतं. कातडं आता लांबून येतं, महाग पडतं. साल उकळून कमवायला लागणारा वेळ कमी करणारा उपाय कुणी संशोधक शोधेल का, हे मला विचारायचंय. आमच्या घरात त्याची गरज स्टार्टअपच्या भांडवलाहून जास्त आहे.

ज्यांच्या घरी हे काम आहे त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी जरूर करा. शुल्क ५०० वरून १० रुपये केलंय.

---

उद्यमबागकर

ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या संघटनेच्या लोकांना वाचायला पाठवला. एका नावाखाली आठ जिल्हे आणि दोन महामंडळं हे मला या अंगानं कधी सुचलं नव्हतं. चपलेला जे जमलं ते वाळूला का जमू नये?

वाळू म्हणतो ते अक्षरशः. ओतकामात वापरलेली वाळू हा आमच्या सगळ्यांचा डोंगर आहे. एकदा वाळू धरून ठेवणारा बाइंडर जळला की ती तशीच पुन्हा वापरता येत नाही. ती भाजून, घासून, चाळून परत वापरायचं तंत्र आहे, कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरनं ती सोय उभी केली आहे. आपल्या बेळगाव फाउंड्री क्लस्टरमध्ये चाचणी आणि प्रशिक्षणाची सोय आहे. दोन्ही केंद्रं सरकारी पैशाच्या आधारानं झालेली. दोघांचा वापर दोघांच्या सभासदांना एकाच दरात मिळाला, तर त्यासाठी नवा रुपया लागणार नाही, नवा कायदाही नाही. पुन्हा वापरायला नालायक उरलेल्या वाळूचे पेव्हर ब्लॉक आणि विटा होतात, आणि खानापूरला विटा-कौलांचं काम पिढ्यांचं आहे. तिथल्या माणसाला सोबत घेतलं तर डोंगराचा माल होईल.

---

खानापूर शाळा

खानापूरचा विषय निघाला म्हणून. तिथे खादी आयोगाची मातीकामाची केंद्रीय संस्था आहे, हे बेळगावातल्याही अनेकांना ठाऊक नसतं. विटांचा प्रयोग करायचा तर आधी तिचं दार ठोठवा.

मी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवतो. मुलांनी हातानं यंत्रं करून बघायच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्र शाळेला २० लाखांपर्यंत देतं, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. योजना मनापासून आवडली. पण अर्ज, सूचना, प्रशिक्षण यांत मला मराठी कुठे दिसली नाही. राज्याच्या योजनांची माहिती कन्नड आणि इंग्रजीत. भाषक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासूनचं देशाचं मान्य धोरण आहे. आमचा तालुका त्यात सहज बसतो. पालकाला कळलंच नाही तर तो शाळेकडे मागणी तरी कशी करणार?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा 'ई' प्रकार ठेवलाय. त्याचा अनेकांना फायदा झाला, पण मुलगा तिकडे गेला की परत येत नाही. म्हणजे एक सरकार त्याला आपल्या भाषेत बोलावत नाही आणि दुसरं बोलावतं ते कायमचं घेऊन जायला.

---

हिशेबनीस

सर, भाषेचा मुद्दा पटतो. धागा सीमाप्रश्नाकडे वळू नये म्हणून एवढंच जोडते की कन्नड बोलणाऱ्या माझ्या अशिलांचीही तीच रड आहे. योजनेचं मूळ मसुद्यातलं इंग्रजी त्यांनाही उलगडत नाही. गोकाकचा कारखानदार आणि खानापूरचा कारखानदार माझ्या टेबलावर तोच कागद घेऊन येतात.

वेल्डरकाका आणि अथणीच्या भावासाठी कामाचं सांगते. पेटंटसाठी आधी तात्पुरतं वर्णन दाखल करता येतं, पूर्ण वर्णनाला बारा महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्यांना ८,०००. आपला अर्ज चेन्नई कार्यालयाच्या हद्दीत येतो, कागलच्या माणसाचा मुंबईच्या. केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत भारतीय पेटंट मिळाल्यावर खर्चाची १ लाखापर्यंत भरपाई आहे, डिझाइन नोंदणीची १५ हजारांपर्यंत. यासाठी स्टार्टअप असणं गरजेचं नाही, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) पुरते. मालकीची फर्मही चालते. पण एक कळकळीनं सांगते: अर्ज दाखल होण्याआधी अवजार प्रदर्शनात मांडू नका, व्हिडिओ टाकू नका. उघड झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं फार अवघड जातं.

---

बेणं निपाणी

ताई, ह्ये त्याला सांगतो. त्याचा व्हिडिओ गावभर फिरलाय खरं. पण त्यो आता नवीन करालाय, फाळ वर-खाली करायचं. त्येचं तरी करूया.

---

हिशेबनीस

नव्या भागापुरता अर्ज करता येईल का ते तपासता येतं. चित्रं आणि मापं घेऊन या, पैसे नकोत.

---

यंत्रशाळा

काका, त्या वेल्डरदादांची परवानगी असेल तर माझ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी दोघांना मी त्यांच्याकडे पाठवते. ड्रॉइंग ती काढतील, ताणाचं गणितही करतील. अर्ज दाखल होईपर्यंत कुठेही सादर करणार नाही, हे लेखी देते.

उद्यमबागकर साहेब, वाळूच्या विषयावर एक गट तीन वर्षं सलग ठेवायची मी विभागात मागणी करणार आहे. आधीच्या गटाचा अहवाल पुढच्या गटानं पुढे न्यायचा, आणि गुण त्या वाढीवर. कारखान्याकडून लेखी विनंती आली तर मागणीला वजन येईल.

---

उद्यमबागकर

पत्र या आठवड्यात देतो, लेटरहेडवर. संघटनेकडून एक निवेदनही तयार करतोय, दोन्ही राज्यांच्या उद्योग खात्यांना एकाच मजकुराचं, मराठी आणि कन्नड दोन्हींत. त्यात तीन गोष्टी घेतल्यात: दोन्ही क्लस्टर केंद्रांचा समान दरात वापर, अवजारांच्या चाचणीचा खर्च आणि फिरतं चाचणी पथक, आणि ठरावीक किमतीच्या आतल्या प्रयोगाच्या जॉबवर्कला ई-वे बिलातून सूट. कन्नड मजकूर तपासायला गोकाककडचं कुणी असेल तर सांगा. भाड्याच्या शेडचा ठळकवाडीकर काकांचा मुद्दा महापालिकेकडे वेगळा न्यायचाय.

शिरोलीवाले, तुमच्याकडच्या क्लस्टरमधलं वाळू प्रक्रियेचं सध्याचं दरपत्रक मिळेल का? आणि आमची वापरलेली वाळू नमुना म्हणून पाठवली तर चालवून बघतील का?

---

शिरोलीवाला

विचारून सोमवारी टाकतो. वाळू कुठली आहे, ग्रीन सँड (ओल्या मातीनं बांधलेली) की कोअरची? आणि एएफएस (वाळूच्या बारीकपणाचा आकडा) किती? दोन्ही मिसळलेली असेल तर वेगळं सांगा.

---

उद्यमबागकर

कोअर आणि शेलची, ग्रीन सँड वेगळी काढलीय. एएफएस ५० ते ६० च्या दरम्यान. शंभर किलो पाठवतो, चलन आणि ई-वे बिलासकट.